ज्ञानी माणसाला चंद्र किती दिसतात?

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात एक ओवी आहे: 'आणि उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चलतां सूर्याचें चालणें । तैसें नैष्कर्म्यत्व जाणे । कर्मींचि असतां ॥' उदय-अस्त दिसतात म्हणून सूर्य चालतोसा वाटतो, पण तो चालत नाही. तसं कर्मात असूनही आपण काही करत नाही हे ज्याला उमगलं, तो ज्ञानी. ओवी सांगते ते एवढंच. पण आमच्याकडे सप्ताहात ही ओवी आली की बुवा हमखास थांबतात. माउलींनी हे १२९० साली सांगितलं, कोपर्निकसचा ग्रंथ आला १५४३ साली. मग अडीचशे वर्षं आधी माउलींना हे कसं कळलं? उत्तर ठरलेलं असतं: समाधीत दिसलं. मंडपात टाळ्या पडतात, टाळ-मृदंग वाजतो आणि कीर्तन पुढं सरकतं.

ज्ञानेश्वरी मला फार जवळची आहे आणि म्हणूनच त्या टाळ्या मला सोसत नाहीत. त्यांच्यामागे एक भलं मोठं गृहीतक असतं. आत्मज्ञान झालं की जग जसं आहे तसं दिसू लागतं: ग्रह कसे फिरतात, आजार नेमका कुठं आहे, समोरच्याच्या मनात काय चाललंय, उद्या काय होणार, सगळं. या गृहीतकावर आपल्याकडे मठ उभे राहिलेत, लग्नं ठरतात, दवाखाने टाळले जातात. ते एकदा नीट तपासावं असं मला फार दिवसांपासून वाटतंय, आणि त्यासाठी लांब जायला नको. ज्ञानेश्वरीपासूनच सुरुवात करता येते.

या ओवीच्या दोनच ओव्या आधी एका नावेचा दाखला येतो. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं वेगानं जाताना दिसतात. नीट पाहिलं की तो म्हणतो, झाडं तर जागची हललेली नाहीत. हाच दाखला आर्यभटानं इसवी सन ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात दिलेला आहे आणि तिथं तो थेट आकाशाबद्दल आहे. नावेतून जाणाऱ्याला जशा स्थिर वस्तू उलट्या दिशेनं जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. सातव्या शतकात ब्रह्मगुप्तानं हे म्हणणं खोडून काढलं. बाराव्या शतकात सह्याद्रीच्या मुलखातल्या भास्कराचार्यांनी पृथ्वी अंतराळात निराधार आहे असं ठासून सांगितलं, पण ती फिरते असं त्यांनीही मानलं नाही. आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, १२०७ सालचा. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला त्याची ती नोंद. राज्य यादवांचं, म्हणजे पुढं ज्या राज्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेच. पृथ्वी फिरते की आकाश, हा वाद माउलींच्या जन्माआधी पावणेआठशे वर्षं या देशात चालू होता. वेध घेऊन, गणित मांडून आणि एकमेकांच्या चुका काढत चालू होता. सूर्य खरं तर उगवतही नाही आणि मावळतही नाही, हे तर त्याच्याही कितीतरी आधी ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात येऊन गेलं आहे.

आणि दृष्टांत म्हणजे तरी काय? ऐकणाऱ्याच्या ओळखीचं काहीतरी हाताशी धरून त्याला अनोळखी जागी नेणं. 'न चलतां सूर्याचें चालणें' हे श्रोत्यांना अगदीच अपूर्व असतं, तर त्याच्या आधारानं नैष्कर्म्य कसं समजावता आलं असतं? माउलींना ते कुठून कळलं याचं साधं उत्तर असं, की ते आपल्या काळातले बहुश्रुत होते. त्यानं त्यांची उंची तसूभरही कमी होत नाही.

याच ज्ञानेश्वरीत पहिल्याच अध्यायात शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण वेचणारी चकोराची पिल्लं आहेत. ती ओवी ऐकताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. पण चकोर नावाचा जो पक्षी आज आपण ओळखतो, तो तित्तिराच्या कुळातला, डोंगरउतारांवर दाणे आणि किडे टिपणारा. सूर्याची ओवी जर समाधीतल्या दृष्टीचा पुरावा धरायची, तर चकोराची ओवी कशाचा पुरावा धरायची? मुख तेच, ग्रंथ तोच. मला वाटतं दोन्ही ओव्यांना ओव्या म्हणून राहू द्यावं. एकीला प्रयोगशाळेत नेलं की दुसरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागतं, आणि तिचा तर काहीच अपराध नाही.

आता ध्यानाकडे येते. 'जे जसं आहे तसं पाहणं' हा शब्दशः दावा करणारी साधना म्हणजे विपश्यना. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे. दहा दिवसांचं शिबिर, आर्य मौन, पहाटे चारची घंटा. मी तिथं बसले आहे आणि त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. गुडघ्यातली कळ आधी एखादा धोंडा ठेवल्यासारखी असते. तिच्याकडे न हलता बघत राहिलं की कधीतरी तो धोंडा फुटतो आणि उरतात नुसत्या मुंग्या, धडधड, ऊब, सरकणारं काहीतरी. ज्याला आपण 'माझं दुखणं' म्हणत होतो ते सलग नव्हतंच हे कळतं, आणि ते पुस्तक वाचून कळत नाही.

पण संध्याकाळच्या प्रवचनात गोएंका गुरुजी एक पाऊल पुढं जातात. एका अमेरिकन शास्त्रज्ञानं बबल चेंबर नावाचं उपकरण वापरून शोधलं, की कण एका सेकंदात एकावर बावीस शून्यं इतक्या वेळा उत्पन्न होऊन नष्ट होतात. बुद्धांनी हेच सत्य कुठल्याही उपकरणाशिवाय स्वतःच्या आत पाहिलं. त्या वेळी खोल मौनात असलेल्या माणसाला हे ऐकताना आपल्या अंगातल्या मुंग्या म्हणजे साक्षात अणूंचं नृत्य वाटू लागतं. शिबिराबाहेर आल्यावर मी त्याचा थोडा पाठपुरावा केला. बबल चेंबर डोनाल्ड ग्लेसर यांनी १९५२ मध्ये तयार केला आणि १९६० चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. उकळण्याच्या काठावर आणून ठेवलेल्या द्रवातून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर बुडबुड्यांची रेघ उमटते. ते यंत्र वाट दाखवतं. आपल्या शरीरातला प्रोटॉन क्षणोक्षणी नष्टबिष्ट होत नाही, त्याचा ऱ्हास आजवर एकदाही कुणाला आढळलेला नाही. आणि आपला मज्जातंतू कितीही वेगवान म्हटला तरी त्याच्यातून संदेश सेकंदाला शे-सव्वाशे मीटरच धावतो. सेकंदाला साठ-सत्तर वेळा लुकलुकणारा दिवासुद्धा आपल्याला स्थिर दिसतो. बावीस शून्यांची उलाढाल या शरीराला जाणवायची कुठल्या वाटेनं?

म्हणजे अनुभव खोटा होता का? मुळीच नाही. सगळं सतत बदलतंय आणि त्यात 'मी' म्हणून पकडता येईल असं काही हाती लागत नाही, हे तिथं खरोखर दिसतं. पण ते दिसणं संवेदनांबद्दलचं आहे. त्यावरून पदार्थविज्ञानाकडे मारलेली उडी ही उडीच आहे आणि ती साधनेच्या बळावर मारता येत नाही.

या बाबतीत २००८ मध्ये अमेरिकेत छापून आलेला एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. अनेक वर्षं ध्यान करणारी माणसं घेतली, काही तिबेटी बौद्ध परंपरेतली, काही कुंडलिनीची साधना करणारी, आणि सोबत ध्यानाशी काही संबंध नसलेली माणसं. काम सोपं वाटणारं: नाडीला हात न लावता स्वतःच्या हृदयाचे ठोके ओळखायचे. शरीराकडे आत वळून पाहण्यात ज्यांची वर्षं गेली त्यांना हे तरी नेमकं यावं. साधक इतरांपेक्षा जराही सरस निघाले नाहीत. मात्र आपल्याला हे चांगलं जमलं, सोपं गेलं, असं त्यांना इतरांपेक्षा जास्त वाटत होतं. स्वतःच्या छातीतल्या ठोक्याबद्दल ही गत असेल, तर दुसऱ्याच्या मनाबद्दल आणि आकाशातल्या ग्रहांबद्दल काय बोलावं?

हे सगळं डोक्यात घोळत असताना मला अण्णांचा मोतीबिंदू आठवतो. अण्णा म्हणजे माझे वडील. माळकरी, आयुष्यभर पहाटे उठून ज्ञानेश्वरी वाचणारे, शेवटच्या वर्षांत तर वाचण्यापेक्षा डोळे मिटून बसण्यात रमलेले. ते ज्ञानी होते असा माझा दावा नाही. त्यांनीही तो कधी केला नसता. त्या वर्षी कोजागिरीला गच्चीवर दुधाचं पातेलं ठेवून आम्ही सगळे बसलो होतो आणि अण्णा वर बघत म्हणाले, "अगं, आज दोन उगवलेत." मला वाटलं थट्टा. पण एक चंद्र जागेवर आणि दुसरा त्याला खालून चिकटलेला, जरा फिकट, असं ते बोटानं दाखवू लागले. मी एक डोळा झाकायला सांगितला. तरी दोनच. दुसरा झाकला, मग मात्र एक, पण पुसट. "एकच आहे हे ठाऊक आहे गं मला," ते म्हणाले, "पण दिसतात दोन, त्याला काय करू?"

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात नेमका हाच दाखला दिला आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला प्रश्न येतो: ब्रह्मज्ञान झालं, अज्ञान गेलं, तर मग ज्ञानी माणसाचं शरीर आणि त्याचा हा संसार तरी कसा उरतो? शंकराचार्य सांगतात, मिथ्या ज्ञान बाधित झालं, म्हणजे खोटं ठरलं, तरी संस्काराच्या जोरावर ते काही काळ चालूच राहतं, दोन चंद्र दिसण्यासारखं. डोळा बिघडलेल्या माणसाला चंद्र एकच आहे हे पक्कं कळलं म्हणून दुसरा चंद्र मावळत नाही. मृगजळाचंही तेच. दोर ओळखू आला की साप जातो, पण तापलेल्या माळावरचं पाणी, ते पाणी नाही हे कळल्यावरही चमकत राहतं. फरक एवढाच की घागर घेऊन कुणी तिकडे निघत नाही. माउलींच्या नावेतल्या माणसालाही झाडं दिसतात ती पळतानाच; ती अचल आहेत हे तो मग ठरवतो. आपल्या परंपरेनं ज्ञानी माणसाच्या डोळ्यांबद्दल इतकं स्वच्छ लिहून ठेवलं असताना आपण मंडपात टाळ्या कशाला वाजवतो, हे मला खरंच समजत नाही.

अण्णांची गोष्ट मात्र इथं संपत नाही. पुढं त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, ड्रॉप घालून काळा चष्मा लावून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी चष्मा काढून बसलेले असताना मांडीवरच्या धोतराकडे बघत आईला म्हणाले, "नीळ जास्त घातलीस का?" आईनं नेहमीइतकीच घातली होती. मग त्यांनी एक-एक डोळा झाकून पाहायला सुरुवात केली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला धोतर पांढरंशुभ्र, निळसर झाक असलेलं. राहिलेल्या डोळ्याला तेच धोतर पिवळट, जुन्या पोथीच्या पानांच्या रंगाचं. दिवसभर त्यांना तो नादच लागला. भिंत, तांदूळ, ज्ञानेश्वरीची पानं, माझ्या मुलीची गणवेशाची कॉलर. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश आत कमी येतो. हे इतकं हळूहळू होतं की कुणालाच कळत नाही. अण्णा कित्येक वर्षं पिवळं जग बघत होते आणि त्यालाच पांढरं म्हणत होते.

दुसरा चंद्र खोटा आहे हे त्यांना माहीत होतं. पिवळेपणा खोटा आहे हे माहीतच नव्हतं. हे जग जसं दिसतं तसं नाही, हे वाक्य त्यांनी हजार वेळा वाचलं होतं, मनापासून मानलं होतं, कदाचित अनुभवलंही होतं. पण त्या वाक्यातून धोतराचा रंग निघाला नाही. तो कळायला डोळ्यांचा डॉक्टर लागला. सगळं मायिक आहे हे जाणणं आणि आत्ता, इथं, या एका गोष्टीत मी नेमका कुठं फसतोय हे जाणणं, या दोन्हींत फार अंतर आहे, आणि पहिल्यातून दुसरं आपोआप कधीच मिळत नाही.

मग आत्मज्ञानानं, निदान दीर्घ साधनेनं, बदलतं तरी काय? २०१३ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा हजार तासांहून जास्त ध्यान केलेल्या साधकांना आणि नवशिक्यांना त्वचेवर सोसेल इतका चटका दिला. चटका किती तीव्र होता हे दोघांनी जवळपास सारखंच सांगितलं. तो किती नकोसा होता हे विचारल्यावर मात्र साधकांचं उत्तर खूपच सौम्य होतं. दिसणारं तेच राहिलं, त्याला येऊन चिकटणारं 'मला का, नको, कधी थांबणार' हे गळून पडलं. रमण महर्षींच्या डाव्या हातावर गाठ झाली, सार्कोमा नावाच्या कर्करोगाची. १९४९ या एका वर्षात पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, भक्त आर्जवं करत राहिले की भगवान, तुम्ही मनात आणलंत तर स्वतःला बरं कराल. १४ एप्रिल १९५० ला त्यांचा देह गेला. गाठ गाठच राहिली. खेतवाडीच्या गल्लीत विडीचं दुकान चालवलेल्या निसर्गदत्त महाराजांच्या घशात कर्करोग झाला आणि १९८१ मध्ये ते गेले. शेवटपर्यंत जगभरातून आलेल्या माणसांशी मराठीत बोलत राहिले. या दोघांकडे काहीतरी विलक्षण होतं हे मी मानते, मनापासून मानते. ते विलक्षण त्यांच्या पेशींना लागू नव्हतं.

यावर वेदांताचे अभ्यासक म्हणतील, तू व्यावहारिक आणि पारमार्थिक यांची गल्लत करतेस. ज्ञानी पाहतो ते परमार्थ-सत्य, त्याला धोतराचा रंग कशाला विचारतेस? मला हे पूर्ण मान्य आहे. पाहणारा कोण, या प्रश्नावर मी रमणांसमोर गप्प बसेन. पण मग तीच वाटणी उलट दिशेनंही पाळायला हवी. परमार्थातल्या अधिकाराची चिठ्ठी घेऊन व्यवहारात शिरायचं नाही. अग्नी थंड आहे किंवा त्याला उजेड नाही असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही, हे शंकराचार्यांचं गीताभाष्यातलं वाक्य आहे, अठराव्या अध्यायावरचं. श्रुतीला जी मर्यादा, तीच गावातल्या महाराजांना का नको?

हे मी हौसेनं लिहीत नाही. आमच्या नात्यातल्या एका मावशींना मधुमेह होता. त्यांचे गुरू अतिशय सात्त्विक; पैशाला शिवायचे नाहीत, जेवायलासुद्धा स्वतःच्या ताटातलं अर्धं दुसऱ्याला द्यायचे. एकदा त्यांनी मावशींचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि शांतपणे सांगितलं, "साखर आता तुमच्या अंगात राहिलेली नाही." मावशींनी इंजेक्शनं बंद केली. पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. ते लबाड असते तर फार सोपं झालं असतं. त्यांना ते खरोखर तसं जाणवलं होतं आणि आपल्या जाणवण्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. ठोके मोजणाऱ्या साधकांचा होता तसाच. लबाडापासून सावध राहायला आपण पोरांना शिकवतो. शांत, निर्मळ आणि चुकलेल्या माणसापासून कसं सावध राहायचं हे कुणी शिकवत नाही.

तरी साधनेनं नजर जराही सुधारत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. 'मी' आड येत असतो म्हणूनच जिथं आपल्याला चुकीचं दिसतं, तिथं तो बाजूला झाला की स्वच्छ दिसतं. आपल्यावरच्या टीकेतलं खरं काय, समोरचा रागावलाय की घाबरलाय, आपण मदत करतोय की उपकार दाखवतोय, अशा गोष्टी. हे क्षेत्र काही लहान नाही. आपली बहुतेक भांडणं तिथंच जन्मतात.

आमचा आणि नानाकाकांचा बांधाचा वाद जुना. अण्णांचे ते चुलतभाऊ. मी लहान असताना या वादात अण्णांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कडुलिंबाजवळचा दगड ही आमची हद्द, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्या उतारवयात नानाकाका एकदा ओट्यावर येऊन नको नको ते बोलले. अण्णा ऐकत राहिले. काका गेल्यावर आईला म्हणाले, "तो बोलला फार, पण नाल्याकडची बाजू पाण्यानं खचत गेली आणि आपण बांध त्याच्या अंगाला सरकवत गेलो, हे तो म्हणाला त्याचा विचार करायला पाहिजे." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. दगड आमच्याच बाजूचा याची अण्णांना तरीही खात्री होती, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण ध्यानाला बसून हद्द दिसेल असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी मोजणीचा अर्ज भरला.

तारीख लागली, मोजणीवाले आले, यंत्र उभं राहिलं, गटाच्या नकाशावरून खुणा पडल्या. वरच्या अंगाला बांध बरोबर होता. खालच्या अंगाला, कडुलिंबापासून नाल्यापर्यंत, तो नानाकाकांच्या गटात चांगला सात-आठ पावलं आत निघाला. अण्णा खुणेपासून दगडापर्यंत चालून आले, "असं आहे होय," म्हणाले आणि सालदाराला पहार आणायला सांगितली. त्या पट्टीत आम्ही पेरलेली कपाशी फुटायला आली होती. ती त्या वर्षी नानाकाकांनी वेचली.